एका कॉम्प्युटरला दोन लॅन कार्डं: अडत दुकानातली जोडणी, पहिल्यापासून

सांगलीच्या मार्केट यार्डातलं हळदीचं किंवा बेदाण्याचं कुठलंही अडत दुकान घ्या. दिवाणजींच्या टेबलावर एकच कॉम्प्युटर असतो आणि सगळा भार त्याच्यावर. टॅली त्यावर, जीएसटीची बिलं त्यावर, बँकेचं काम त्यावर, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात गोडाऊनचे कॅमेरेही त्यावरच. राउटर एक, त्याला एक स्विच, आणि जी वायर येईल ती त्या स्विचमध्ये खुपसलेली. असं वर्षानुवर्षं चालतं. मग कधीतरी मालक म्हणतात, कॅमेरे इंटरनेटपासून वेगळे काढा, पण दिवाणजींना इथे बसून दिसले मात्र पाहिजेत. तेव्हा दुसरं लॅन कार्ड लागतं.

नेटवर्किंगची कामं नुकतीच धरलेल्या मुलांसाठी हे लिहितोय, आणि ऑफिसात ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना’ म्हणून ज्याच्या गळ्यात हे काम पडतं त्याच्यासाठीही. उदाहरण विंडोजचं घेतलंय, कारण यार्डात तेच भेटतं. कार्ड बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. घोळ पुढे होतो आणि तो बहुतेक वेळा दोनच गोष्टींत होतो. दोन्ही कार्डांची नेटवर्कं वेगवेगळ्या आकड्यांची हवीत, आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या रस्त्याचा पत्ता, दोनपैकी एकाच कार्डावर हवा. एवढं पक्कं डोक्यात बसलं की उरलेला लेख नुसता वाचून काढला तरी चालेल.

(आकडे आणि कमांड इथे देवनागरीत आहेत. मशीनवर टाकताना इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक.)

हे करायची गरज आहे का, ते आधी बघा

दुकानात चारच कॅमेरे असतील आणि मालकांना ते फक्त मोबाइलवर बघायचे असतील, तर दुसऱ्या कार्डाच्या भानगडीत पडू नका. राउटर बरा घ्या, कॅमेऱ्यांचे पासवर्ड बदला, झालं.

कॅमेरे जास्त असतील तर हिशेब बदलतो. एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएसवर चालवला तर १६ कॅमेऱ्यांचे ६४ एमबीपीएस झाले, तेही दिवसरात्र. जुन्या १०० एमबीपीएसच्या स्विचवर हेच पोर्ट टॅलीचा डेटाही वाहत असेल तर दिवाणजींची तक्रार रास्तच आहे. दुसरं कारण सुरक्षेचं. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण त्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. त्या ऑक्टोबरमध्ये त्याच यंत्रांचा वापर करून डाइन या डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी आकडा शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. ज्या कॅमेऱ्याला बाहेर जायचा रस्ताच नाही, तो अशा कामाला लागत नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. दोन्ही नेटवर्कांना स्पर्श करणारा हा कॉम्प्युटर आता मधला दुवा झालाय. त्याच्यातच व्हायरस शिरला तर त्याला कॅमेरेही दिसणार. त्यामुळे असं मशीन जुन्या विंडोजवर ठेवू नये. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे.

आणि ‘दोन कार्डं म्हणजे नेट दुप्पट पळणार’ हा समज मालकांच्या डोक्यातून सुरुवातीलाच काढून टाका. दोन कार्डं जोडून एक जाड लाइन करायची सोय विंडोज सर्व्हरमध्ये आहे. दुकानात असतं त्या साध्या विंडोजमध्ये ती मिळत नाही. आपण इथे वेग वाढवत नाही, रस्ते वेगळे करतोय.

कार्ड कोणतं घ्यायचं

डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेसचा छोटा स्लॉट रिकामा आहे का ते कॅबिनेट उघडून बघा. असेल तर त्यात बसणारं गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) कार्ड घ्या. रिअलटेकचं चालतं, इंटेलचं परवडलं तर उत्तम. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डासोबत आखूड पट्टी आली आहे ना, ते दुकानातच तपासा. नाहीतर कार्ड बसतं आणि मागची पट्टी कॅबिनेटमध्ये मावत नाही, मग मुलं ती पट्टी काढून कार्ड तसंच लोंबकळत ठेवतात. वायर ओढली गेली की ते स्लॉटमधून उचकटतं.

लॅपटॉप असेल किंवा स्लॉट नसेल तर यूएसबीला लागणारं लॅन अडॅप्टर. ते यूएसबी ३ चं हवं आणि लावायचंही यूएसबी ३ च्याच पोर्टला. यूएसबी २ ची मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे, तिथून गिगाबिट निघणार कुठून. स्वस्तातली बरीच अडॅप्टरं तर १०० एमबीपीएसचीच असतात, खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. माझं मत विचाराल तर दिवसरात्र चालणाऱ्या मशीनला यूएसबी अडॅप्टर शक्यतो नकोच. झाडताना, पुसताना कुणाचा तरी धक्का लागतो आणि कॅमेरे गायब होतात.

आहे ते कार्ड इंटरनेटला ठेवा आणि नवं कार्ड कॅमेऱ्यांना द्या. दिवाणजींचं काम जेवढं कमी हलवाल तेवढे फोन कमी येतील.

वायर

कॅट ६ घ्या, नाहीतर निदान चांगली कॅट ५ई. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही मिळते, ती स्वस्त पडते पण वाकवली की तुटते आणि त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर आणखी त्रास. पूर्ण तांब्याचीच मागा.

जॅक पंच करताना दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ नंबरच्या. गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे एखादी तार नीट बसली नाही तरी कनेक्शन चालू दिसतं, फक्त वेग गुपचूप १०० वर येतो. कार्डाच्या स्टेटसमध्ये स्पीड १.० जीबीपीएस दिसतोय का ते बघायची सवय लावून घ्या.

दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा: ‘ऑफिस’ आणि ‘कॅमेरे’. कॉम्प्युटरच्या मागे दोन सारखीच भोकं आहेत, आणि साफसफाईनंतर वायरी उलटसुलट लागणं हा या जोडणीतला नेहमीचा अपघात आहे.

आकडे आधी कागदावर

खरं काम इथे आहे. मशीनला हात लावण्याआधी कागद घ्या.

नेटवर्कावरच्या प्रत्येक यंत्राला आयपी ॲड्रेस असतो आणि त्यासोबत सबनेट मास्क. मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर ॲड्रेसचे पहिले तीन आकडे म्हणजे नेटवर्क, आणि शेवटचा आकडा म्हणजे त्यातलं यंत्र. अशा एका नेटवर्कात २५४ यंत्रं मावतात. ज्याचे पहिले तीन आकडे आपल्यासारखे, तो आपल्या शेजारचा. त्याच्याकडे थेट जाता येतं. ज्याचे वेगळे, त्याच्याकडे जायचं तर गेटवेतून, म्हणजे राउटरमधून.

आता दोन कार्डं असलेलं मशीन म्हणजे दोन दारांचं घर. पुढचं दार रस्त्यावर उघडतं, मागचं परसात. जगात कुठेही जायचं तर पुढच्या दाराने. परसातून रस्ता कुठेच निघत नाही. डीफॉल्ट गेटवे म्हणजे ‘जिथला पत्ता माहीत नाही तिथे जायला या दाराने निघा’ ही सूचना. ती पुढच्या दारावरच लिहायची.

समजा कॅमेऱ्यांच्या कार्डावरही गेटवे लिहिला. कॉम्प्युटरला आता बाहेर जायचे दोन रस्ते दिसतात. कोणता घ्यायचा हे तो मेट्रिक नावाच्या आकड्यावरून ठरवतो. ज्याचा आकडा लहान, तो रस्ता आधी. दोन्ही कार्डं गिगाबिटची असली तर विंडोज दोघांना सारखाच मेट्रिक देतं. मग काय होतं? कधी नेट चालतं, कधी नाही. सकाळी चालू केलं तेव्हा ठीक होतं, दुपारी बँकेची साइट उघडत नाही. रीस्टार्ट केलं की पुन्हा बरं. असा अधूनमधून येणारा बिघाड पकडायला सगळ्यात अवघड, आणि शिव्या इंटरनेटवाल्याला पडतात. विंडोज स्वतः यावर इशारा देतं: दोन गेटवे एकाच नेटवर्कच्या पर्यायी रस्त्यांसाठी असतात, एकमेकांशी न जोडलेल्या दोन नेटवर्कांवर ते नीट चालणार नाहीत, अशा अर्थाची खिडकी येते. लोक न वाचता ‘येस’ दाबतात.

दुसरा घोळ आकडे जुळण्याचा. पुष्कळ राउटर १९२.१६८.१.१ वर असतात. हिकव्हिजनचा कॅमेरा खोक्यातून निघतो तो १९२.१६८.१.६४ घेऊन, दहुआचा १९२.१६८.१.१०८ घेऊन. म्हणजे काही न बदलता दोन्ही कार्डं लावली तर दोन्ही बाजूंना १९२.१६८.१ हेच नेटवर्क. कॉम्प्युटरला कॅमेरा शोधायचाय; तो पुढच्या दाराबाहेर आहे की मागच्या, हे कळायला त्याच्याकडे काही मार्गच उरत नाही. इथे कार्ड बदला, ड्रायव्हर बदला, विंडोज नव्याने टाका, काही उपयोग नाही. आकडेच बदलावे लागतात.

खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे ॲड्रेस, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. घरगुती आणि दुकानातले राउटर बहुतेक सगळे तिसऱ्या पट्ट्यात बसतात. जिओ फायबरचा राउटर १९२.१६८.२९.१ वर असतो. म्हणून कॅमेऱ्यांना मी कायम १० चा पट्टा देतो. उद्या मालकांनी इंटरनेट कंपनी बदलली, नवा राउटर वेगळे आकडे घेऊन आला, तरी कॅमेऱ्यांशी टक्कर होत नाही. एवढंच बघा की एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या पेटीच्या) मागेच कॅमेऱ्यांची पोर्ट असतील तर त्याच्या आतही एक स्वतंत्र नेटवर्क असतं. दहुआमध्ये ते १०.१.१ चं, हिकव्हिजनमध्ये १९२.१६८.२५४ चं. ते आकडे टाळा.

आपल्या उदाहरणासाठी कागदावर असं लिहू:

ऑफिस कार्ड: आकडे राउटर देईल ते, आपोआप.
कॅमेरे कार्ड: १०.२०.३०.५, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा, डीएनएस रिकामा.
एनव्हीआर: १०.२०.३०.२.
कॅमेरे: १०.२०.३०.११ पासून पुढे ओळीने.

विंडोजमध्ये

कॉम्प्युटर बंद करा, वीज काढा, कार्ड बसवा, चालू करा. ड्रायव्हर बहुतेक वेळा विंडोज स्वतःच घेतं.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत ‘एनसीपीए.सीपीएल’ लिहून एंटर. विंडोज ११ च्या सेटिंग्जमधून फिरत जाण्यापेक्षा हा रस्ता जवळचा. समोर ‘ईथरनेट’ आणि ‘ईथरनेट २’ अशी दोन चित्रं दिसतील.

पहिलं काम नावं बदलायचं. दोन्ही वायरी लावलेल्या असताना ऑफिसची उपटा. ज्या चित्रावर लाल फुली येते ते त्या वायरीचं कार्ड. त्यावर राइट क्लिक, रीनेम, आणि ‘ऑफिस’ लिहा. दुसऱ्याला ‘कॅमेरे’. हे नटवण्यासाठी नाही. सहा महिन्यांनी दुसरा कुणी या मशीनवर बसेल तेव्हा ‘ईथरनेट २’ म्हणजे काय हे त्याला उमगणार नाही.

ऑफिसच्या कार्डाला हात लावू नका. ते आपोआप आकडे घेतंय तर घेऊ दे.

कॅमेऱ्यांच्या कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, यादीतलं ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडून पुन्हा प्रॉपर्टीज. ‘यूज द फॉलोइंग आयपी ॲड्रेस’ वर टिंब. ॲड्रेस आणि मास्क कागदावरून उतरवा. मास्कची जागा विंडोज स्वतः भरतं, आणि पहिला आकडा १० असेल तर ते २५५.०.०.० भरतं! ते बदलून २५५.२५५.२५५.० करा. गेटवे रिकामा. खाली डीएनएसही रिकामा. रिकामी चौकट बघून हात शिवशिवतात, पण भरू नका.

त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीत वर ‘कॉन्फिगर’ बटण आहे. त्यात पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर ‘वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायला परवानगी द्या’ अशा अर्थाची खूण काढून टाका. नाहीतर मशीन झोपेतून उठल्यावर कार्ड झोपलेलंच राहतं.

कॅमेऱ्यांच्या कार्डाखाली आता ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ असं दिसेल. घाबरायचं कारण नाही. गेटवे नसला की विंडोज नेटवर्क ओळखू शकत नाही, इतकंच. अशा नेटवर्कला ते ‘पब्लिक’ समजतं आणि फायरवॉल कडक ठेवतं. कॉम्प्युटरने कॅमेऱ्याकडे जायला याची आडकाठी नाही. उलट दिशेने, म्हणजे एनव्हीआरने कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये काही आणून टाकायचं असेल, तरच ‘प्रायव्हेट’ करण्याची किंवा फायरवॉलमध्ये तेवढ्यापुरती वाट ठेवण्याची गरज पडते. उगाच फायरवॉल पूर्ण बंद करू नका.

दोन कार्डं एकत्र निवडून राइट क्लिक केलं की ‘ब्रिज कनेक्शन्स’ असा पर्याय दिसतो. नवख्यांना तो फार आवडतो. तो दाबला की दोन्ही नेटवर्कं एक झाली, म्हणजे आपण जे वेगळं करायला आलो होतो तेच पुन्हा जोडलं. आणि पलीकडे ऑफिसचा आणि कॅमेऱ्यांचा असे दोन स्विच आधीच एखाद्या वायरीने जोडलेले असतील तर डेटा गोल गोल फिरत राहतो आणि सगळंच ठप्प होतं. ‘इंटरनेट शेअरिंग’चंही तसंच. ते चालू केलं की विंडोज दुसऱ्या कार्डाचा ॲड्रेस बदलून १९२.१६८.१३७.१ करतं आणि आपले ठरवलेले आकडे गेले.

कॅमेऱ्यांचे आकडे बदलणं

सगळे नवे कॅमेरे एकच ॲड्रेस घेऊन येतात, म्हणून ते एकदम लावायचे नाहीत. एक लावा, आकडा बदला, चिठ्ठी चिकटवा, मग पुढचा. हिकव्हिजनचं एसएडीपी किंवा दहुआचं कॉन्फिगटूल वापरलं तर आपल्या कार्डाचे आकडे जुळत नसतानाही कॅमेरा सापडतो. असं सॉफ्टवेअर नसेल तर आपलंच कार्ड तात्पुरतं १९२.१६८.१.५० करा, ब्राउझरमधून कॅमेरा उघडा आणि त्याचा आकडा बदला. दुकानाचा राउटरही १९२.१६८.१ चाच असेल तर तेवढा वेळ ऑफिसची वायर काढून ठेवा. सगळं झालं की आपलं कार्ड परत १०.२०.३०.५ वर आणा. पासवर्ड त्याच वेळी बदला आणि तो मालकांच्या वहीत लिहून द्या, आपल्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

तपासणी

कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या. दोन्ही कार्डं नावानिशी दिसतील. प्रत्येकाचा बारा अक्षरी मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, वेगळा असतो, तो कागदावर उतरवून घ्या. कॅमेऱ्यांच्या कार्डाखाली डीफॉल्ट गेटवेची जागा कोरी असली पाहिजे.

मग ‘राउट प्रिंट’. येणाऱ्या लांबलचक तक्त्यात ०.०.०.० ने सुरू होणाऱ्या ओळी मोजा. एकच हवी. दोन दिसल्या तर कुठेतरी दुसरा गेटवे शिल्लक आहे, किंवा वायफाय चालू राहिलंय. वायफाय हेही तिसरं कार्डच.

पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला हाक मारून बघणं. ‘पिंग १०.२०.३०.२’ ला उत्तर आलं पाहिजे. राउटरला पिंग करा, मग एखादी वेबसाइट उघडा.

एवढ्यावर थांबू नका. ऑफिसची वायर उपटा: नेट बंद, कॅमेरे चालू. ती लावून कॅमेऱ्यांची उपटा: कॅमेरे बंद, नेट आणि टॅली चालू. दोन्ही लावून रीस्टार्ट करा आणि पुन्हा बघा. हे तिन्ही दिवाणजींच्या समोर करा. त्यांना एकदा दिसलं की पुढे कोणती वायर ढिली झाली ते त्यांचं त्यांनाच कळतं, आणि तुमची एक फेरी वाचते.

‘मोबाइलवर दिसंना की!’

हा फोन येणारच. ‘अहो, मोबाइलवर कॅमेरे दिसंनात की!’ तुम्ही म्हणणार, ‘अण्णा, इंटरनेटपासून तोडा असं तुम्हीच सांगितलंत.’ म्हणून हे काम सुरू करण्याआधी विचारून घ्या. दोन्ही पाहिजे असेल तर दोन लॅन पोर्ट असलेला एनव्हीआर घ्या. एक पोर्ट कॅमेऱ्यांच्या नेटवर्कात, दुसरं ऑफिसच्या राउटरला. कॅमेरे आतच राहतात, बाहेर फक्त एनव्हीआर दिसतो. तिथेही तोच नियम: गेटवे राउटरच्या बाजूच्या पोर्टवर, आणि मेनूत डीफॉल्ट पोर्ट म्हणून तेच निवडायचं. मागे पीओई (लॅनच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणारी) पोर्ट असलेले एनव्हीआर मुळातच याच पद्धतीने चालतात.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. कॅमेऱ्याला इंटरनेट नाही, म्हणजे वेळ जुळवून घ्यायलाही जागा नाही. महिन्या-दोन महिन्यांत काही मिनिटांचा फरक पडतो. रात्री दोन पोती कमी झाली आणि चित्रीकरण पोलिसांना द्यायची वेळ आली की हाच फरक नडतो. एनव्हीआरमध्ये कॅमेऱ्यांची वेळ जुळवण्याची सोय असते, ती चालू करा, आणि एनव्हीआरची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेवर, जीएमटीच्या साडेपाच तास पुढे, आहे ना ते बघा.

गोडाऊन लांब असेल तर

रस्त्यापलीकडच्या गोडाऊनला तांब्याची वायर नेऊ नका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. एप्रिल-मेमध्ये वळीव कोसळतो तेव्हा वीज वायरीवर पडायची गरज नसते. आसपास पडली तरी उघड्यावरच्या लांब तारेत झटका तयार होतो आणि स्विचचं पोर्ट, कार्ड, कधीकधी मदरबोर्डही जातं. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची वायर आणि फायबर यांना जोडणारी डबी) लावून मधे काचेची फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही.

आणि रॅक जमिनीवर ठेवू नका. कृष्णेकाठच्या सखल भागातल्या दुकानदाराला हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. एनव्हीआर आणि स्विच माळ्यावर, किंवा निदान भिंतीवर उंच.

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये वेगळं नेटवर्क आहे, ते मधल्या राउटरने कॅमेऱ्यांच्या नेटवर्कला जोडलंय आणि तेही दिवाणजींना बघायचंय, असं असेल तर लोक दुसरा गेटवे टाकायला जातात. नको. कॉम्प्युटरला तेवढाच एक रस्ता स्वतंत्रपणे शिकवा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून:

राउट -पी ॲड १०.२०.४०.० मास्क २५५.२५५.२५५.० १०.२०.३०.१

म्हणजे ‘१०.२०.४० च्या नेटवर्ककडे जायचं तर १०.२०.३०.१ या राउटरकडून जा’. ‘-पी’ विसरलात तर रीस्टार्टनंतर रस्ता पुसला जातो. पलीकडच्या कॅमेऱ्यांना मात्र त्यांच्या बाजूचा गेटवे द्यावाच लागतो. नाहीतर आपला निरोप पोचतो, पण उत्तर परत यायला वाट नसते आणि आपण इकडे पिंग करत बसतो.

दोन इंटरनेट लाइन घेऊन एक बंद पडली की दुसरी चालावी, एवढ्यासाठी कुणी दोन कार्डं लावायला सांगितली तर ते काम कॉम्प्युटरवर करूच नका. दोन लाइन घेणारा राउटर मिळतो, तो लावा.

उबुंटूवर असाल तर तत्त्व तेच. नेटवर्क सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्यांच्या जोडणीच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये ॲड्रेस हाताने भरा आणि खाली ‘ही जोडणी फक्त तिच्याच नेटवर्कसाठी वापरा’ अशा अर्थाची खूण असते, ती करा. गेटवेचा प्रश्न तिथेच मिटतो.

बिघाड ओळखायच्या खुणा

कार्डावर १६९.२५४ ने सुरू होणारा ॲड्रेस दिसला तर कार्ड आपोआप आकडे मिळण्याची वाट बघत होतं आणि कुणी दिलेच नाहीत. ऑफिसच्या कार्डावर असेल तर राउटर किंवा वायर बघा. कॅमेऱ्यांच्या कार्डावर असेल तर कुणीतरी ते ‘ऑटोमॅटिक’वर टाकलंय, किंवा वायरी अदलाबदल झाल्या आहेत.

पिंग लागतं पण वेबसाइट उघडत नाही: डीएनएस. ऑफिसच्या कार्डावर बघा, आणि कॅमेऱ्यांच्या कार्डावर कुणी भरला असेल तर काढा.

दोन कॅमेरे आळीपाळीने दिसतात आणि जातात: दोघांना एकच आकडा दिला गेलाय.

विजेने कार्ड गेलं, नवं बसवलं, जुनेच आकडे भरले, आणि विंडोज म्हणतं की हा ॲड्रेस आधीच दुसऱ्या, आता मशीनमध्ये नसलेल्या कार्डाला दिलेला आहे. जुन्या कार्डाची नोंद आत राहिलेली असते. डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करा, नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा आणि आकडे पुन्हा भरा. नव्या कार्डाचा मॅक ॲड्रेस वेगळा असतो, कागदावर तोही बदलून घ्या.